साहेबांना कोण सांगणार?

"साइटवर दरारा लागतो." बांधकामाच्या धंद्यात मी छत्तीस वर्षे काढली. तेवढ्या काळात हे वाक्य किती तोंडांतून ऐकले असेल याची गणती नाही. कंत्राटदार म्हणत, घराचे मालक म्हणत आणि ज्यांच्यावर तो दरारा चालायचा ते मुकादम आणि गवंडीही म्हणत. आमच्या बेळगावकडची बिगारी माणसे आपसांत साहेबांची तुलना करतात, तेव्हा 'त्यो साहेब लई कडक' हे तक्रारीच्या सुरात म्हणत नाहीत, थोड्या अभिमानानेच म्हणतात. कडक साहेबाच्या हाताखाली काम केले, म्हणजे आपणही काही कच्चे नव्हे, असा त्याचा अर्थ.

मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. पन्नास-साठ माणसे, त्यांतली निम्मी रोज नवी, वर ऊन, खाली खिळे, सिमेंटचा मिक्सर सुरू झाला की संध्याकाळपर्यंत थांबायचा नाही, अशा ठिकाणी गोडीगुलाबीने काम होत नाही. एकाचा शब्द चालला पाहिजे आणि तो चटकन चालला पाहिजे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शब्द वरून खाली चटकन जातो हे खरे. पण खालचा शब्द वर जातो का? आणि गेला नाही, तर दोष कोणाचा, न बोलणाऱ्याचा की ज्याच्यापुढे बोलवले नाही त्याचा?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. 1983 साली मे महिन्याच्या अखेरीस खानापूर तालुक्यात एका गोदामाच्या स्लॅबखाली भेटला.

मी तेव्हा नोकरीत चार वर्षांचा होतो. आमचे साहेब त्या भागात नावाजलेले. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की मिक्सर चालू असतानाही पलीकडच्या टोकाला ऐकू जावा. हुशार माणूस. ओळंबा न लावता भिंतीचा झोल नजरेने सांगायचे आणि मग ओळंबा लावून तो खरा ठरवायचे. कंत्राटदाराचा चहासुद्धा घेत नसत. घरून आणलेला डबा, घरून आणलेले पाणी. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे घडले ते लबाड माणसाच्या हातून घडले असते, तर मला चाळीस वर्षे विचार करावा लागला नसता.

गोदामाच्या जोत्यात मुरमाचा भराव नुकताच टाकला होता. त्यावर पाणी मारून धुमस करायला हवी होती, ती अर्धीमुर्धीच झाली होती. त्या भरावावर निलगिरीच्या बल्ल्या उभ्या करून सेंटरिंग बांधले. बल्लीच्या बुडाशी जाड फळी हवी, म्हणजे भार पसरतो. पण फळ्या कमी पडल्या म्हणून एका कोपऱ्यात फरशीचे तुकडे घातले. स्लॅबच्या आदल्या रात्री वळीव कोसळला. सकाळी मी आणि मुकादम खाली वाकून फिरलो, तर त्या कोपऱ्यातल्या चार-पाच बल्ल्यांच्या पाचरी सैल झालेल्या. हाताने हलवल्या तर हलत होत्या. म्हणजे बुडाखालची जमीन दबली होती.

मुकादमाने माझ्याकडे पाहिले. मी त्याला म्हणालो, "अण्णा, साहेबांना सांगायला पाहिजे."

तो म्हणाला, "साहेबांस्नी कोण सांगणार ओ? तुम्हीच सांगा की. तुम्ही शिकलेली माणसं."

वर नारळ फुटला होता. खडी, वाळू, सिमेंट मांडून तयार होते. माणसे दुप्पट बोलावलेली, त्यांच्यासाठी जिलबी सांगितलेली. मालक गाडी घेऊन आलेला. पावसाळ्याच्या आत छप्पर हवे म्हणून साहेबांनी त्याला तारीख दिली होती आणि साहेबांची तारीख कधी चुकत नसे. त्याच्या आठच दिवस आधी एका मुलाने 'सळया कमी पडतील' असे सांगितले, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला विचारले होते, "हे तुला आज कळलं? काल काय झोपा काढत होतास?" सळया खरोखरच कमी पडल्या. पण लोकांच्या लक्षात राहिले ते साहेबांचे बोलणे.

मी मुकादमाला म्हणालो, पाचरी ठोकून घ्या. त्याने ठोकल्या. मी वर गेलो. साहेबांनी विचारले, "खालचं बघितलंस?" मी म्हणालो, "होय साहेब."

या दोन शब्दांत खोटे काहीच नव्हते. मी बघितले होते.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला तो कोपरा खाली आला. सगळा स्लॅब नव्हे, एक कोपरा. ओले काँक्रीट, सळया, फळ्या आणि वर घमेले घेऊन चाललेली एक बाई. विजापूरकडची. तिच्या खुब्याचे हाड मोडले. ती वाचली, मात्र पुन्हा घमेले उचलू शकली नाही. मस्टरवर तिचे नावही नव्हते. नवऱ्याच्या नावापुढे 'जोडी' एवढेच लिहिलेले. दवाखान्याचा खर्च आणि वर काही रुपये देऊन प्रकरण मिटले. कागदावर कारण लिहिले गेले : अवकाळी पाऊस.

संध्याकाळी साहेब त्या ढिगाऱ्यापाशी उभे राहिले. एकेका बल्लीचे बूड त्यांनी हाताने चाचपून पाहिले. मग आमच्याकडे वळून, आवाज न चढवता, पहिल्यांदाच आवाज न चढवता, त्यांनी विचारले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

कोणी उत्तर दिले नाही. मीही नाही.

पुढे अनेक वर्षे मी स्वतःची समजूत घालत आलो की त्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नातच होते. ज्याला असा प्रश्न विचारावा लागतो त्यानेच तशी वेळ आणलेली असते. ही समजूत सोयीची होती. तिच्यात माझे नाव येत नव्हते.

नंतर कधीतरी कॅनडातल्या क्वेबेक पुलाची हकीकत वाचनात आली आणि माझ्या सोयीच्या समजुतीला पहिला तडा गेला. सेंट लॉरेन्स नदीवरचा तो लोखंडी पूल. मधला गाळा 1800 फुटांचा, त्या काळी त्या जातीच्या पुलांत जगात सर्वांत मोठा ठरणार होता. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर. वय अडुसष्टीच्या घरात, अमेरिकेत पुलांच्या शास्त्रात त्यांचा शब्द प्रमाण. प्रकृतीमुळे ते न्यूयॉर्कमध्ये बसून काम पाहत. लोखंडी सांगाडा उभा राहू लागल्यावर एकदाही जागेवर गेले नाहीत. मधला गाळा आधी 1600 फुटांचा होता, तो वाढवला. पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब नव्याने मांडला गेला नाही. सरकारतर्फे दुसऱ्या कोणी आराखडे तपासावेत अशी सूचना आली, तेव्हा कूपरना तो आपला अपमान वाटला आणि ती सूचना मागे पडली.

1907 च्या ऑगस्टमध्ये पुलाचे खालचे जाड दाबपट्टे वाकू लागले. जागेवर कूपरचा माणूस म्हणजे नॉर्मन मॅक्‌ल्युअर हा तरुण अभियंता. त्याने पाहिले, मोजले, पत्रे लिहिली. कारखान्याचे लोक म्हणत, पट्टे आधीपासूनच वाकडे असतील. ऑगस्टच्या सत्तावीस तारखेला बाक दोन इंचांच्या वर गेला. जागेवरच्या मुकादमाने एक दिवस पुढचे काम थांबवले आणि मग पुन्हा सुरू केले. मॅक्‌ल्युअर स्वतः आगगाडीने न्यूयॉर्कला गेला. 29 ऑगस्टला कूपरनी त्याचे ऐकले, गांभीर्य ओळखले आणि पुलावर आणखी वजन चढवू नये अशी तार केली. ती तार गेली पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीच्या कचेरीत. क्वेबेकला गेलीच नाही. त्याच संध्याकाळी काम सुटायच्या सुमारास पूल नदीत कोसळला. वर शहाऐंशी माणसे होती, त्यांतली पंचाहत्तर मेली. मृतांपैकी तेहतीस जण जवळच्या मोहॉक वस्तीतले. एका लहान गावातली इतकी कर्ती पुरुषमाणसे एका संध्याकाळी गेली.

मला या हकीकतीत खटकले ते असे की कूपर आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांचा दरारा नव्हता, आदर होता. मॅक्‌ल्युअर घाबरून गप्प बसला नाही, त्याने कळवलेही. तरीही त्या अवाढव्य सांगाड्याखाली 'आत्ता, याच क्षणी काम बंद' असे म्हणायचा अधिकार असलेला जाणता माणूस एकही नव्हता. प्रत्येकाला वाटत होते की न्यूयॉर्कचे म्हातारबुवा जाणतात. त्यांनी अजून काही म्हटलेले नाही, त्या अर्थी ठीक असेल. चौकशी आयोगाने 1908 मध्ये कूपर आणि कंपनीचा आराखडेकार यांच्या निर्णयातल्या चुकांवर बोट ठेवले. ते योग्यच. पण माझ्या मनातून तो काम थांबवून पुन्हा सुरू करणारा मुकादम जात नाही. त्याच्या डोळ्यांनी जे पाहिले त्यावर त्याने एका दिवसापुरता विश्वास ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या माणसाच्या अक्कलहुशारीवर ठेवला.

म्हणजे भीती काय आणि भक्ती काय, वरच्याच्या कानापर्यंतची वाट दोन्हींनी बुजते. मग मायाळूपणाने ती उघडते का? याचे उत्तर मला स्वतःवरच मिळाले, म्हणून ते सांगणे अधिक अवघड आहे.

1995 साली माझ्याकडे एका मोठ्या इमारतीची जबाबदारी आली. मी मनाशी शपथ घेतल्यासारखे ठरवले होते, आपण ओरडायचे नाही. सगळ्यांना 'अहो' म्हणायचे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवायचे. लोक माझ्यावर खूश होते. 'आमचे साहेब देवमाणूस' असे एकदा कानावर आले आणि तो दिवस माझा फार छान गेला.

त्याच सुमारास कंपनीने आम्हाला दोन दिवसांच्या एका शिबिराला पाठवले होते. तिथे फळ्यावर नेतृत्वाचे तीन प्रकार लिहिले : हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळे सोडणारे. कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1938-39 च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवात लहान मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगांतून हे आले, असे सांगितले गेले. मुले मुखवटे वगैरे बनवत. हुकूम सोडणारा मोठा माणूस खोलीबाहेर गेला की मुलांचे काम थंडावे, मिळून-मिसळून वागणाऱ्याच्या गटात चालू राही. मी खूश होऊन दुसऱ्या रकान्यापुढे स्वतःचे नाव लिहिले. आज मला त्या प्रयोगाबद्दल एवढेच म्हणायचे आहे की त्या मुलांच्या डोक्यावर ओला स्लॅब नव्हता, आणि कोणा मुलाला वाईट बातमी घेऊन त्या मोठ्या माणसाकडे जावे लागले नव्हते.

माझ्या हाताखाली एक नवा मुलगा होता. एके दिवशी तो हातात कागद घेऊन आला, काँक्रीटच्या क्यूबचे निकाल. तिसऱ्या मजल्याच्या काही कॉलमांचे आकडे कमी आले होते. माझ्यासमोर मालक बसलेले. मी कागद घेतला, हसलो, म्हणालो, "बघू." तो गेला. दुसऱ्या दिवशी मी विसरलो नाही. पण ते काँक्रीट घालणाऱ्या मिस्त्रीच्या घरी तेव्हा लग्न होते, म्हटले चार दिवस जाऊ देत. मग वरचा स्लॅब आला. 'बघू' हा शब्द मराठी माणसाने कशासाठी निर्माण केला असावा? नकार न देता नाकारण्यासाठी, दुसरे काय!

त्या मुलाने पुन्हा कधीही माझ्याकडे वाईट बातमी आणली नाही. चार महिन्यांनी वायरिंगवाल्याने एका कॉलमला भोक पाडले, तर गिलाव्याआड मुठीएवढ्या पोकळ्या. खडी सुटी, सिमेंटचे दूध उतरून गेलेले. मिस्त्रीने वरून सफाईने पुट्टी मारून झाकले होते. मी त्याला विचारले, तोच प्रश्न, अगदी तेच शब्द : "मला कुणी सांगितलं का नाही?" मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, साहेब." आणि तो मुलगा बाजूला उभा होता. तो काही बोलला नाही. त्याला बोलायची गरज नव्हती.

सहा कॉलमांना जॅकेटिंग करावे लागले. कोणाचे हाड मोडले नाही. ते माझे शहाणपण नव्हे, नशीब.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की साहेब कडक की मऊ, हा प्रश्नच वरवरचा आहे. पहिली वाईट बातमी घेऊन जो आला, त्याचे पुढे काय झाले, हे साइटवरची सगळी माणसे डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. त्याच्यावर खेकसले गेले तरी ती शिकतात आणि त्याला 'बघू' म्हटले गेले तरी शिकतात.

इथे मला ई. श्रीधरन यांची आठवण येते. आपल्या भागाने त्यांचे काम जवळून पाहिले आहे. कोकण रेल्वेच्या कचेऱ्यांत त्यांनी उलटे चालणारे घड्याळ लावले होते. किती दिवस उरले ते सांगणारे. मला ते घड्याळ पहिल्यांदा ऐकून धडकी भरली होती. माझ्या साहेबांची 'तारीख' आठवली होती. पण त्याच मार्गावर पेडण्याचा बोगदा होता. पाणी धरणारी, शाडूसारखी मऊ माती. खोदावे आणि ढासळावे, पुन्हा खोदावे आणि पुन्हा ढासळावे. 1990 साली सुरू झालेला मार्ग पाच वर्षांत व्हायचा होता, तो पुरता जोडला जाऊन वाहतुकीला खुला झाला 26 जानेवारी 1998 रोजी. गोव्यातल्या मार्गाचा वादही मध्ये होता, ती निराळी कथा. मुद्दा एवढाच की घड्याळ भिंतीवर होते आणि डोंगर आपल्या जागी होता. दोघांचे जुळेना, तेव्हा घड्याळाला नमते घ्यावे लागले. माझ्या साहेबांच्या खिशातल्या तारखेला ते जमले नव्हते.

पुढे 12 जुलै 2009 ला दिल्ली मेट्रोच्या कामावर जमरूदपूरजवळ गर्डर कोसळून माणसे दगावली, तेव्हा श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि ते कामावर परतले. पुष्कळांनी याला नाटक म्हटले. मी म्हणत नाही. तो खांब त्यांनी बांधला नव्हता, कदाचित पाहिलाही नसेल. तरी 'मला कुणी सांगितलं का नाही' असे न विचारता 'हे माझे' असे म्हणणे सोपे नाही. पण राजीनामा अपघातानंतर येतो, हीच त्याची अडचण. घमेले घेऊन चाललेल्या बाईला नंतर कोणी दिलेल्या राजीनाम्याचे काय?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माला पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतले एक आणि दैव शेवटचे. आपले चौकशी अहवाल या दोनांतच अडकतात. एक तर कोणीतरी कर्ता धरून आणायचा, नाहीतर अवकाळी पाऊस. त्या यादीत पहिले नाव आहे अधिष्ठानाचे. टीकाकार त्याचा अर्थ देह असा करतात. मी बांधकामवाला, मला तो शब्द वाचला की बल्लीचे बूड दिसते. माणूस ज्या जमिनीवर उभा राहून बोलतो किंवा गप्प राहतो, ती जमीन साहेबांनी घडवलेली असते, हे मला मान्य. पण ती दबते आहे हे आधी कळते ते तिच्यावर उभे असलेल्यालाच. त्या सकाळी ते मला कळले होते. म्हणून साहेबांचा दोष कितीही मोठा धरला, तरी माझा त्यामुळे एका तोळ्यानेही कमी होत नाही. दोष ही काही भावांतली जमीन नव्हे, की एकाचा वाटा वाढला म्हणजे दुसऱ्याचा घटावा.

2001 साली मी साहेबांना भेटायला धारवाडला गेलो. ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. आवाज पार बसलेला, कानाला यंत्र. वहिनींनी चहा आणला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी मनाचा हिय्या करून म्हणालो, "साहेब, खानापूरच्या गोदामाच्या त्या बल्ल्या. मी सकाळीच बघितल्या होत्या. हलत होत्या."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, ऐकू गेले नसावे. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "पाचरींवर ताजे घाव होते. संध्याकाळी बघितले मी. सकाळी कुणीतरी ठोकल्याशिवाय नसते ते."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू सांगितलं असतंस तर तुला मी तिथल्या तिथं हाकलून दिलं असतं," ते म्हणाले. थोडे थांबले. "पण स्लॅब थांबवला असता की नसता, ते मला अजून सांगता येत नाही. तेवढ्यासाठी रे, तू सांगायला पाहिजे होतंस."